नऊ मीटर, नऊ मतं

जुनी जीप घेतलीत, अभिनंदन. 1947 साली मुंबईत विलीज जीपची जुळवणी सुरू झाली तेव्हा निदान सगळे सुटे भाग एकाच खोक्यातून निघायचे. तुमच्या गाडीचे तसे निघायला हवेत असा हट्ट धरू नका. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांकडे नंतर बघू. आधी डॅशबोर्ड नऊ काट्यांच्या मीटरांनी भरून टाका, कारण फोटो त्याचाच निघतो.

खरेदीला कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जा. मीटर निवडताना एकच निकष ठेवा: कडेची रिंग चकाकली पाहिजे. तो 6 व्होल्टचा की 12 चा, त्याचा सेंडर (टाकीत किंवा इंजिनात बसून मीटरला खबर देणारा भाग) किती ओहमचा, असले प्रश्न विचारलेत तर तुम्ही गिऱ्हाईक नाही हे विक्रेत्याला लगेच कळेल. ट्रॅक्टरचा टेम्परेचर, कुठल्याशा कारचा फ्यूएल, ट्रकचा ऑइल प्रेशर, सगळं पिशवीत टाका. घरी आल्यावर मोजमाप न घेता पत्रा कापा. छोट्या मीटरला साधारण 52 मिलिमीटरचं भोक लागतं, पण भोक नंतर मोठं करता येतं आणि लहान करता येत नाही, म्हणून आधीच मोठं करून ठेवावं. मीटर आत घसरला तर सायकलची ट्यूब कापून लावा.

आता पेट्रोलचा काटा. इथे जरा थांबू, कारण खरी कला इथे आहे. फ्यूएल मीटर म्हणजे टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये वाचणारं यंत्र. पंचाईत अशी की प्रत्येक घराण्याची भाषा वेगळी. एका अमेरिकन घराण्यात रिकामी टाकी म्हणजे 240 ओहम आणि भरलेली 33. दुसऱ्यात रिकामी शून्य, भरलेली 90. युरोपीय पद्धतीत रिकामी 10, भरलेली 180. तुम्ही 240-33 चा फ्लोट तसाच टाकीत ठेवा आणि त्यावर 10-180 चा मीटर जोडा. टाकी काठोकाठ भरली की 33 ओहम येतात आणि मीटर म्हणतो, संपत आलं. पेट्रोल संपत जातं तसा काटा उत्साहाने वर चढतो, आणि गाडी घाटात आचके देऊन थांबते तेव्हा तो फुलच्याही पलीकडे टेकलेला असतो. अर्ध्या टाकीला मात्र दोघांचं जवळजवळ एकमत होतं, त्यामुळे वर्कशॉपमध्ये पाच-दहा लिटर इकडेतिकडे करून बघणाऱ्याला सगळं झकास वाटतं. फ्लोट काढून त्याचा दांडा वरखाली करायचा, मल्टिमीटरवर दोन टोकांचे आकडे लिहायचे आणि त्या आकड्यांचा मीटर शोधायचा, हे दहा मिनिटांचं काम आहे. म्हणूनच ते करायचं नाही. काही मीटरांना तर 10 व्होल्टचा स्टॅबिलायझर लागतो. तो वगळलात की काटे कायम वर राहतात. टाकीही भरलेली, इंजिनही तापलेलं.

यानंतर अँपिअर मीटर. हा न लावणारी जीप ती जीपच नव्हे. चार्जिंगचा सगळा करंट याच्यातून जातो, म्हणजे इंजिनकडून डॅशबोर्डकडे जाऊन परत. डायनॅमोच्या काळातला 30-0-30 चा (मधे शून्य, दोन्ही कडांना 30 अँपिअर) मीटर निवडा आणि खाली 55 अँपिअरचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) बसवा. बॅटरी उतरलेली असताना गाडी सुरू केलीत की काटा कडेला आपटून तिथेच राहील. त्याला येणारी वायर 1.5 स्क्वेअर मिलिमीटरची ठेवा, घराच्या वायरिंगमधून उरलेली चालेल. पाठीमागच्या दोन बोल्टांना फायबरचे वॉशर असतात, ते दिसायला कळकट असतात, काढून टाका. बोल्ट पत्र्याला टेकला तर बॅटरी थेट अर्थ होते, आणि या वाटेवर बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूज नसतो, तेव्हा काम विनाअडथळा पार पडतं. कुणी सुचवेल की हा काढून व्होल्टमीटर लावा, जाड वायर अल्टरनेटरकडून थेट बॅटरीला न्या. ऐका, पण लावताना व्होल्टमीटर अँपिअर मीटरच्याच दोन वायरींवर लावा. मग गाडीत काहीच चालू होणार नाही, आगीचा धोका आपोआप टळला.

वायरिंग करताना सगळ्या वायरी एकाच रंगाच्या घ्या. लाल उठून दिसतो. वायरीच्या टोकाला धातूची कडी (लग) दाबून बसवण्याऐवजी टोकं पिळून टेप गुंडाळावी, ती उन्हात सुटते आणि जोड आपोआप तपासला जातो. फायरवॉलच्या (इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या) भोकाला रबरी ग्रोमेट लावू नका. पत्र्याची धार इन्शुलेशन किती दिवसांत कापते हा अभ्यासाचा विषय आहे. हेडलाइटला 130/90 वॅटचे बल्ब टाका. दोन्ही हाय बीमवर असताना 21 अँपिअरच्या पुढे करंट जातो, तो रिलेविना (जड करंट स्विचऐवजी स्वतः वाहणाऱ्या भागाविना) त्या जुन्या ओढायच्या स्विचमधूनच न्या, ज्याच्या पितळी पट्ट्यांनी आयुष्यभर 45 वॅटचे बल्ब सांभाळले. स्विचचा दांडा गरम लागला तर थंडीत उपयोगी पडतो.

अर्थिंगची काळजी करू नका. डॅशबोर्डला आधी छान जाड पावडर कोटिंग करा, मग त्यावरच अर्थच्या वायरी आवळा. उजवा इंडिकेटर टाकला की पेट्रोलचा काटा तालावर नाचेल. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, तेव्हा इंजिन आणि चासीमधली अर्थची विणीची पट्टी फालतू वाटून काढलेली असणारच. मग सेल्फ मारताना शेकडो अँपिअर चोकच्या केबलमधून घरी परततात. नॉबला हात लावल्यावर खात्री पटेल.

स्पीडोमीटरवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. मूळ केबल मैलाला 1000 फेरे घेते, म्हणजे किलोमीटरला 620च्या आसपास. किलोमीटरला 1000 फेऱ्यांचा मीटर बसवलात तर 60 च्या वेगाला तो 37 दाखवेल, आणि वर 31 इंची टायर चढवले तर 34. बायकोला काटा दाखवता येतो.

ऑइल प्रेशरचा मेकॅनिकल मीटर असेल तर तांब्याच्या नळीऐवजी अ‍ॅक्वेरियमची नळी वापरा, पारदर्शक असल्याने ऑइल दिसतं. मॅनिफोल्डला टेकेपर्यंत दिसतं, नंतर तेच गरम ऑइल तुमच्या बुटांवर येतं. ब्लॉकमधला सेंडर बसत नसेल तर जोर लावा. एनपीटी या अमेरिकन मापाचे इंचाला 27 आटे आणि बीएसपी या ब्रिटिश मापाचे 28, एका आट्याचा काय तो फरक. चार्जिंगच्या लाल दिव्यात 2 वॅटच्या बल्बऐवजी एलईडी घाला. त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो, एलईडीने तो झोपूनच राहतो. इतक्या जाळात कुणीतरी झोपलेलं बरं.

बॅटरीचा कटऑफ स्विच डॅशबोर्डची शोभा घालवतो, त्याऐवजी टर्मिनलचा पाना ठेवा. पाना ड्रायव्हरच्या सीटखाली, टाकीशेजारी. हो, सीजे-3बी या जीपच्या मॉडेलमध्ये टाकी तुमच्या बुडाखालीच असते, सुमारे 40 लिटरची. तिच्यात बुडवायला बांबूची एक काठी कापून घ्या आणि तिच्यावर सुरीने पाच-पाच लिटरच्या खुणा करा. नऊ मीटर बसवून झाल्यावर पेट्रोल किती आहे ते तीच सांगणार आहे.