‘आम्हाला काही नको’

दिवाळीला काय आणू असे विचारले की सासूबाई ‘अगं, आम्हाला आता काय हवंय, तुम्ही आलात की पुरे’ म्हणतात आणि मामंजी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता दुजोरा देतात. मग लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत धक्के खात आणलेली इरकल साडी पाडव्यालाही घडी न मोडता कपाटात राहते, ‘जुना चालतोय की’ म्हणून नवा मिक्सर खोक्यासकट माळ्यावर चढतो, आणि चांदीचे निरांजन तर (डबीवरची आमच्या सराफाची चिठ्ठीसुद्धा न काढता) भाचीच्या लग्नात आहेर म्हणून अवतरते. बरे, खरोखरच रिकाम्या हाताने जावे, तर भाऊबीजेला आलेल्या नणंदबाईंसमोर ‘हल्ली कुणाला वेळ असतो गं’ हे ठेवणीतल्या आवाजात ऐकावे लागते. यंदा पाकीटच देणार आहे. तेही सासूबाई निघताना नातवाच्या खिशात कोंबतील.