रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून वहिनी नाटक करतात असं नाही

दादा, तुमची कमेंट दोनतीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की वहिनींना एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे पण कानाचा रिपोर्ट नॉर्मल आलाय, म्हणजे त्यांना "हवं तेवढं बरोबर ऐकू येतं", आणि मी माझ्या पोस्टमध्ये लिहिलेलं लिसनिंग ट्रेनिंग, म्हणजे ऐकायचा सराव, हा पैसे उकळायचा धंदा आहे.

एमएस मलाही आहे, आणि रिपोर्ट माझाही नॉर्मलच होता हो. त्या टेस्टमध्ये बंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झचे पीं पीं आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं, बास. कान आवाज पकडतो का एवढंच त्यातून कळतं. एमएसचं दुखणं मेंदूत आणि मज्जारज्जूत असतं, नसांवरचं मायलिनचं आवरण जातं आणि निरोप उशिरा, तुटक पोचतो. आणि दोन कानांत आवाज पोचायच्या वेळेत जो फरक असतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, त्याच्यावरून मेंदू गोंगाटातून बोलणं वेगळं काढतो, मग तिथे जरा गडबड झाली की काय होणार सांगा.

मला ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या) ताईंनी दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवले. उजवीकडे दोन-सात, डावीकडे चार-नऊ. मी म्हटलं, दोन, सात. "अजून?" अजून काहीच नाही! डावीकडे काही वाजलंय हेच मला कळलं नव्हतं, आणि पाच मिनिटांपूर्वी एकट्या डाव्या कानाने सगळे आकडे बरोबर सांगितले होते. तो कागद मी घरी आणून सासूबाईंना दाखवला. डाव्या कानातलं बोलणं मुख्यतः उजव्या मेंदूत जातं, तिथून मधल्या पुलावरून, म्हणजे कॉर्पस कॅलोसमवरून, डावीकडच्या भाषेच्या भागात यावं लागतं, आणि एमएसचे डाग, म्हणजे मायलिन गेलेल्या जागा, त्या पुलावर सर्रास असतात.

म्हणून सकाळी शांत घरात वहिनींना सगळं कळत असेल आणि संध्याकाळी मिक्सर, टीव्ही, दिवसभराचा थकवा, त्यात मे महिन्याचा उकाडा (उष्णतेने एमएसचा त्रास वाढतो) असं सगळं एकत्र आलं की कळत नसेल. हेच तुम्हाला "हवं तेवढं" वाटतंय.

ट्रेनिंगचं तुमचं अर्धं पटलं. त्याने मायलिन परत येत नाही, आणि एमएसमध्ये त्यावर झालेले अभ्यास थोडे आणि छोटे आहेत, हे मी मूळ पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. खात्रीने बरं करतो म्हणणाऱ्याच्या दारात जाऊच नका. पण माझ्याकडून करून घेतलं ते असं, चांगल्या कानाचा आवाज इतका कमी करायचा की कमजोर कानाला आकडे सापडायला लागतात, मग तो हळूहळू वाढवत न्यायचा. मला आता रिक्षात लेकाचं बोलणं बऱ्यापैकी कळतं, हॉटेलात अजून नाही, तिथे समोरच्याच्या कॉलरला लावायचा छोटा वायरलेस माईक कामी येतो.

वहिनींसाठी बेरा (आवाजाचा निरोप कानापासून मेंदूकडे वेळेत पोचतो का ते बघणारी टेस्ट), माझी झाली तशी दोन्ही कानांची एकत्र टेस्ट आणि गोंगाटातलं बोलणं ऐकायची टेस्ट, तिन्ही नाव घेऊन मागा. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या संस्थेत विचारा. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रिलॅप्स, म्हणजे एमएसचा नवा झटका, असू शकतो.

आणि आज रात्री जेवताना टीव्ही बंद करा, वहिनींना आधी हाक मारा, त्या वळून बघेपर्यंत थांबा, मग बोला.