‘फुकटचं दाखवून पैसे घेतात’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की इंटरनेटवर फुकट असलेले कॉलेजचे कोर्स दाखवायचे आम्ही पैसे घेतो, शिक्षक नुसते बसून असतात, आठ आठवड्यांत मुलीचा एकही कोर्स पूर्ण झाला नाही आणि सर्टिफिकेटही मिळालं नाही. इतर पालकही हे वाचतात, म्हणून सविस्तर लिहितो.

फुकट आहे, हे खरंच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपलं अभ्याससाहित्य खुलं करायचं २००१ मध्येच जाहीर केलं. हार्वर्ड विद्यापीठ आणि एमआयटीने २०१२ मध्ये एडएक्स ही ऑनलाइन कोर्सची वेबसाइट काढली. हे आम्ही पहिल्याच दिवशी मुलांना सांगतो, लिंकसकट. फी घेतो ती सोबत बसण्याची.

कारण नाव नोंदवायला दोन मिनिटं लागतात. गाडी अडते पुढे. हार्वर्डचा सीएस५० हा प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारा कोर्स घ्या. सुरुवातीला स्क्रॅच या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत स्क्रीनवर रंगीत ठोकळे जोडायचे, मुलं खूश. लगेच पुढच्या आठवड्यात सी भाषा येते, जिच्यात सगळं टाइप करून लिहावं लागतं, आणि हॅशच्या (#) चिन्हांचा, मारिओ या व्हिडिओ गेममधल्यासारखा पिरॅमिड स्क्रीनवर छापायला सांगतात. हुशार मूलही इथे तासभर अडकतं. तयार उत्तर शोधलं तर सापडतं, पण ते उतरवलं की शिकणं तिथेच संपलं. आम्ही वहीत चार ओळी काढायला लावतो: पहिल्या ओळीत तीन मोकळ्या जागा आणि एक हॅश, दुसरीत दोन जागा आणि दोन हॅश. पुढचं सूत्र मुलांनी शोधायचं. तेवढा वेळ शिक्षक गप्प असतात, आणि मुद्दाम असतात. (गप्प बसणं शिकवण्यापेक्षा अवघड जातं हो.)

शाळा सांभाळून कॉलेजचा कोर्स आठ आठवड्यांत उरकावा, अशी आमची अपेक्षाच नसते. माहितीपत्रकात ‘ओळख’ असंच लिहिलंय. सिलॅबस वाचून, आधी काय यायला हवं ते बघून ‘हा आत्ता नको’ असं मुलाला ठरवता आलं, तरी पुष्कळ झालं.

सर्टिफिकेटचं म्हणाल, तर एमआयटीच्या त्या खुल्या साहित्यावर ते मिळतच नाही. एडएक्सचं पैसे भरून मिळतं, पण ते म्हणजे कॉलेजचं क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी धरला जाणारा अभ्यास, नव्हे. क्रेडिट धरायचं की नाही, हे ज्याचं ते कॉलेज ठरवतं. आमच्या नावाचा रंगीत कागद छापून देणं सोपं आहे. त्याला बाहेर कोणी विचारणार नाही, म्हणून देत नाही.

तुमच्या मुलीच्या प्रगतीबद्दल इथे चारचौघांत लिहिणार नाही. तिची वही घेऊन समोरासमोर बसू. येताना तिलाही आणा. रिव्ह्यूत तिचं मत काही दिसलं नाही.