पाटी कोणासाठी लिहिता, बाप्पा?

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितोय.

माझी आई, वय ७७, सकाळी मावशीकडे निघाली. स्टँडवर एसटीची पाटी वाचली, शेवटचं गाव बरोबर होतं, चढली. गर्दीतून कंडक्टर तिच्यापर्यंत पोचेस्तोवर गाडी दहा-बारा किलोमीटर दुसऱ्याच रस्त्याला लागलेली. वर सगळ्यांसमोर, "आजी, पाटी वाचता येत नाही का?"

आई चौथी शिकली आहे. रोज पेपर वाचते, निधनवार्तांसकट. ती म्हणाली, "वाचता येते ना बाप्पा. लिहेलच नाही तं वाचू काय?"

आमच्याकडे एकाच गावाला दोन वाटा जातात हे काय नवीन आहे? यवतमाळ-पुसदचंच घ्या. एक रस्ता दारव्हा-दिग्रसवरून, दुसरा आर्णीवरून. दारव्ह्याला उतरणाऱ्याने नुसतं 'पुसद' वाचून काय करायचं? 'मार्गे' हा एक शब्द आणि मधलं एक गाव, तेही मोठ्या अक्षरात. आता काही गाड्यांना ती सरकती लाल अक्षरं आलीत. फाट्यावर उभं राहून बघा एकदा. मधलं गाव सरकत येईपर्यंत गाडीचा मागचा दिवा दिसतो.

आणि तो भोंगा! 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' एवढं स्वच्छ ऐकू येतं, पुढचं सगळं डब्यात बोलल्यासारखं.

मान्य, कंडक्टरवर ताण असतो. त्यानेच फाट्यावर उतरवून सावलीत बसवलं, पाणी दिलं, हेही खरं. त्याच्यावर राग नाहीच माझा. (थोडा आहे. "वाचता येत नाही का" विसरणार नाही.)

कोणी म्हणेल, अ‍ॅप बघा. आईचा फोन बटनांचा. आणि त्या फाट्यावर माझ्याही फोनला रेंज नसते.

नागपूरच्या मेट्रोत दोन मार्ग, ऑरेंज आणि अ‍ॅक्वा. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. तेवढ्यासाठी रंग, नकाशे, डब्यात पुढच्या स्टेशनची घोषणा. असावंच. पण स्टेशन चुकलं तर तिथे उलटी गाडी मिळते. इथे शेवटची गाडी चुकली तर रात्र फाट्यावर. मग शेवटच्या गाडीची वेळ तरी ठळक, वेगळ्या रंगात लिहायला काय जातं? आमच्या स्टँडवरचं वेळापत्रक इतकं खोडलंय की ते फक्त कंट्रोलरलाच वाचता येतं, आणि त्याला तर ते पाठच आहे!

७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट झाला. आईला त्याचं फार कौतुक. आज दोन तास फाट्यावर बसूनही म्हणे, "पैसे तं नाही गेले ना."

हे ऐकून माझा राग अर्धा उतरला, अर्धा वाढला.

परवा ती पुन्हा निघणार आहे. गावाचं नाव आणि 'मार्गे' असं वहीच्या पानभर मोठ्या अक्षरात लिहून दिलं तिला, म्हटलं चढायच्या आधी कंडक्टरला दाखव. पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "अक्षर चांगलं आहे. गाडीच्या काचेलेच चिटकवू काय?"