सेवावर्ष : सक्ती की स्वेच्छा, त्याआधी राहायचं कुठे ते बोला

‘एक वर्ष समाजासाठी’ असं घरी नुसतं म्हणून बघा, दोनच सूर लागतात. ‘वर्ष वाया जाईल, लग्नाच्या वेळी काय सांगायचं?’ नाहीतर ‘सगळ्यांना सक्तीच करा!’ सक्तीचा नमुना महाराष्ट्रात आहेच. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालं की वर्षभराची बंधपत्रित सेवा; ती टाळली तर 10 लाख रुपये दंड, असा नियम अनेक वर्षं होता. त्या वादात दंडाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. आरोग्य केंद्रात संध्याकाळी सहानंतर त्या नव्या डॉक्टरशी बोलायला कोण असतं, हे कुणी विचारत नाही.

तिकडे अमेरिकेत क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या ‘क्वेकर व्हॉलंटरी सर्व्हिस’ या सेवावर्षाच्या उपक्रमाने सुरुवात तिथूनच केली, म्हणजे राहायचं कुठे आणि कोणाबरोबर इथून. 2012 साली अटलांटात पहिलं घर उघडलं, पुढे फिलाडेल्फिया, बॉस्टनमध्येही. वय 21 ते 30, मुदत 11 महिने, क्वेकर असण्याची अट नाही. सहा-सात जण एका घरात राहतात आणि प्रत्येक जण वेगळ्या स्वयंसेवी संस्थेत काम करतो. राहणं, जेवण, विमा आणि थोडा हातखर्च मिळतो. पैशाचा मोठा वाटा काम करवून घेणारी संस्थाच देते, बाकी देणग्या. म्हणून ती संस्थाही माणूस फुकटात मिळाल्यासारखा वापरत नाही. निदान वापरू नये.

या वर्षाचं खरं मोल मला त्या घरात दिसतं. किराण्याचे पैसे सामायिक, त्यामुळे एकाला ऑरगॅनिक दूध हवं असतं आणि दुसऱ्याला मांस. निर्णय मतदानाने होत नाहीत. बोलणं होतं, मध्ये शांतता, मग एक जण ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो आणि सगळ्यांना पटेपर्यंत शब्द बदलत राहतात. सिंकमधल्या भांड्यांवर अशी बैठक दीड तास चालू शकते. बिघडतं ते इथेच: तापट माणूस अडून बसतो, मवाळ माणूस कंटाळून हो म्हणतो आणि भांडी पुन्हा त्याच्याच वाट्याला येतात.

दुसरी चीज म्हणजे क्वेकरांची ‘क्लिअरनेस कमिटी’. पुढे काय करायचं हे कळेनासं झालं की चार-पाच जणांना बोलवायचं. त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. ‘तू लॉ का करत नाहीस?’ हा प्रश्नाच्या वेषातला सल्ला, तोही चालत नाही. आपल्या काका-मावशांना हे जमेल? पाच मिनिटंसुद्धा नाही!

खोट आहेच. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असेल तर हातखर्चात हप्ता भागत नाही. घरची परिस्थिती भक्कम असेल त्यांनाच हे वर्ष सोपं जातं.

क्वेकर मंडळी आपल्याला अगदी परकी नाहीत. मार्जरी साइक्स या इंग्लंडहून आलेल्या क्वेकर शिक्षिका सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं काम करत होत्या. पण आपल्या विद्यापीठांत सेवा मोजली जाते तासांत. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) दोन वर्षांत 240 तास आणि एक सात दिवसांचं शिबिर. शिबिरात एकत्र राहणं होतं, पण भांड्यांवरून खरं भांडण जुंपायच्या आत सामान बांधायची वेळ येते.

कुठल्याही सेवावर्षाला, इथल्या किंवा तिथल्या, हो म्हणण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: देखरेख कोणाची, आठवड्याचे तास किती, आजारी पडलो तर खर्च कोणाचा आणि मधेच सोडलं तर राहायची जागा किती दिवसांत सोडायची. शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते. तो सगळ्यात आधी विचारा.