मनगट राफ्टला बांधायचं नाही

रामबागेत ताईकडे गेले तेव्हा भाचीची बॅग भरणं चाललं होतं. डेहराडून एक्सप्रेसने हरिद्वार, पुढे ऋषिकेश. बॅगेत शेवेच्या पुड्याशेजारी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. ही कशाला? ताईने सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज दाखवला: 'राफ्टिंगला जाताना मनगट बोटीला बांधा, पडलात तरी वाहून जाणार नाही.'

मी ऋषिकेशच्या वरच्या अंगाला गंगेकाठी असलेल्या शिवपुरीहून राफ्टने, म्हणजे हवेने फुगवलेल्या बोटीने, खाली आले आहे, म्हणून हे वाचून अंगावर काटा आला. राफ्ट उलटू शकते. ती उलटली की बांधलेला माणूस तिच्याबरोबर ओढला जातो, कधी तिच्याखाली, कधी ती आणि खडक यांच्या मध्ये. ओल्या नायलॉनची ताणलेली गाठ वाहत्या पाण्यात एका हाताने सोडवून बघा. धरायला राफ्टच्या बाहेरच्या कडेने दोरी असतेच. ती मुठीत धरायची, कारण मूठ उघडता येते. मनगटाला एक वेढासुद्धा द्यायचा नाही.

राफ्टिंगबद्दल असं आणखीही बरंच ऐकू येतं. 'पडलात तर लगेच पाय टेकून उभे राहा' हा सल्लाही तितकाच घातक. तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला पुढे पाडतं आणि कंबरेएवढ्या पाण्यातही तोंड वर येत नाही. 'अमेरिकन व्हाइटवॉटर' संस्थेच्या सुरक्षा नियमावलीतही हेच आहे: वेगाच्या पाण्यात उभं राहायचं नाही, पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेने आणि वर ठेवायचे. गाइड निघण्यापूर्वी काठावर हेच शिकवतो.

'एक पंक्चर झालं की बुडाली.' नाही. राफ्टच्या बाहेरच्या फुगीर कडेत आत पडदे घालून हवेचे वेगवेगळे कप्पे केलेले असतात, बहुधा चार. प्रत्येकाचा व्हॉल्व्ह वेगळा. एक कप्पा बसला तरी बाकीचे राफ्टला तरंगत ठेवतात. भाचीला सांगितलंय, बसण्याआधी व्हॉल्व्ह स्वतः मोज.

'तळाला भोकं असलेल्या जुन्या बोटी देतात' म्हणे. ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात! तळही हवेने फुगवलेला असतो आणि नदीच्या पातळीच्या वर राहतो. लाटेचं आत आलेलं पाणी कडेच्या भोकांतून आपोआप निघून जातं. नाहीतर बादलीने उपसत बसावं लागलं असतं.

गाइड मागे नुसता बसतो म्हणणाऱ्याने त्याचं वल्हं पाहिलेलं नाही. राफ्टची दिशा तोच सांभाळतो.

लाइफ जॅकेटबद्दल जे सांगतात त्यातलं अर्धं खरं आहे. राफ्टखाली सापडलं तर जॅकेट तुम्हाला वर, तिच्या तळाला चिकटवून धरतं. पण म्हणून 'जॅकेट सैल ठेवा, पटकन काढता येईल' हे कुठून आलं? सैल जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडावर येतं. पट्टे घट्टच हवेत, आणि खाली सापडलात तर तळाला हात लावत एकाच दिशेने सरकायचं, कड येतेच.

पावसाळ्यात जाऊ नका म्हणतात ते बरोबर, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथलं राफ्टिंग बंदच असतं.

दोरी मी बॅगेतून काढून ताईच्या गॅलरीत परत बांधली. मेसेज पाठवणाऱ्या काकूंनाही फोन केलाय, ग्रुपवरून तो काढायला त्या तयार आहेत.