जुनी जिप्सी की जुनी थार? नाशिकच्या मातीत निवड कशी करावी

मंडळी, पाऊस जवळ आला की सगळीकडे एकच प्रश्न सुरू होतो. बजेट मर्यादित आहे, सेकंडहँड फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) घ्यायची आहे, मारुतीची जिप्सी घेऊ की महिंद्राची जुनी थार सीआरडीई? खाली उत्तरं येतात ती बहुतेक प्रेमापोटी. जिप्सीवाले जिप्सी सांगतात, थारवाले थार. गाडी कुठल्या मातीत चालणार, किती वजन ओढणार आणि घरात दुसरी गाडी आहे का, हे कुणी विचारत नाही. निर्णय याच तीन गोष्टींवर व्हायला हवा.

माझं मत आधीच सांगतो. घरात ही एकच गाडी असणार असेल, शेतावर, घाटात आणि शहरात तीच फिरणार असेल, तर २०१५ नंतरची थार सीआरडीई घ्या. रोजच्या वापराला दुसरी गाडी दारात उभी असेल आणि स्वतः पाना-जॅक हातात घ्यायची तयारी असेल, तरच जिप्सी घ्या.

नेमक्या कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते स्पष्ट करतो. जिप्सी १९८५ पासूनची, पण विचार करायचा तो १३०० सीसीच्या जिप्सी किंगचा, आणि त्यातही २००० नंतरच्या १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (इंधन इंजेक्शनवाल्या) इंजिनाचा. ८० एचपी ताकद आणि १०३ एनएमच्या आसपास टॉर्क (ओढण्याची ताकद), तोही ४५०० आरपीएमला. कार्ब्युरेटरवाली जिप्सी स्वस्त दिसते, पण ती ट्यून करणारे जुने मिस्त्री आता कमी झालेत. सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी २०१९ मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून तिचे भाव हौसेने चढले आहेत. थार २०१० च्या ऑक्टोबरात आली. सीआरडीई म्हणजे २५०० सीसी डिझेल, १०५ एचपी, २४७ एनएम, आणि हा टॉर्क १८०० ते २००० आरपीएमलाच मिळतो. 'थार डीआय' ही वेगळी गाडी आहे, इंजिन फक्त ६३ एचपीचं. जाहिरातीत नुसतं 'थार' लिहिलेलं असतं, त्यामुळे आरसी बुकावर व्हेरियंट वाचल्याशिवाय टोकन देऊ नका.

२०१५ ची रेघ मी का ओढतो? त्या वर्षीच्या बदलात सीआरडीईच्या मागच्या अ‍ॅक्सलला ईटन कंपनीचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे लॉकर, आलं. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत किंवा चिखलात गेलं की सगळी ताकद त्याच चाकाकडून फुकट जाते आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. लॉकिंगवाल्यात दोन चाकांच्या फिरण्यात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की ते आपोआप लॉक होतं आणि दोन्ही चाकं एकत्र फिरतात. ताशी ३०-३२ किलोमीटरच्या वर ते लॉक होत नाही, त्यामुळे रस्त्यावर त्याचा त्रास नाही. जिप्सीला हे नाही. तिरप्या खड्ड्यात पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक सुटलं की फोर बाय फोर टाकूनही ती अडकते आणि वेग घेऊन धडक मारावी लागते. दगडात अशी धडक मारली की पाटे आणि क्रॉस (अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर दांड्याचे सांधे) तुटतात.

आता माती. आपल्या जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे काळी चिकट जमीन. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक, घोटीकडे मुरूम, दगड, भातखाचरं आणि उभे चढ.

काळ्या मातीत वजन हाच शत्रू. जिप्सी साधारण एक टनाची, थार दीड टनाच्या बरीच पुढे. पावसाने फुगलेल्या बांधावरून जिप्सी तरंगत निघून जाते, तिथेच थार बसते, आणि एकदा डिफरन्शियलचा गोळा मातीला टेकला की लॉकरही काही करू शकत नाही. शिवाय काळी माती टायरच्या खाचांत लिंपली जाते आणि टायर गुळगुळीत होतो. तेव्हा फक्त बागेत औषधाचे ड्रम पोहोचवणं आणि बांधावर फिरणं एवढंच काम असेल, तर जिप्सीच्या बाजूने खरा मुद्दा आहे. पण द्राक्षाच्या क्रेट भरलेली ट्रॉली ओढायची असेल तर १०३ एनएम पुरत नाहीत. क्लच जळतो.

पश्चिमेकडे गणित उलटं होतं. चार माणसं आणि सामान घेऊन ओल्या दगडी चढावर थार लो-रेंजमध्ये (वेग कमी, ओढ जास्त) पहिल्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर न देता चढते. लो-रेंजचा गिअर साधारण अडीचपट आहे, त्यावर डिझेलचा टॉर्क. उतरताना ब्रेकला पाय लावावा लागत नाही. जिप्सी चढत नाही असं नाही, पण इंजिन फिरतं ठेवावं लागतं. तिचा एक गुण मात्र मान्य करायलाच हवा. पुढचा अ‍ॅक्सल अखंड असल्याने डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची कायम राहते. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, टॉर्शन बारवर (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यावर). खड्ड्यात आपटलं की पोट खाली येतं.

आता गाडी पाहायला गेल्यावर काय करायचं, ते नीट वाचा. माझ्या मते मॉडेलच्या निवडीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण चांगली जिप्सी खराब थारपेक्षा केव्हाही बरी.

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की गाडी सकाळी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनाचा दोष आधीच लपवला आहे. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तिथेच ठेवा. हलकी वाफ चालते, पण झाकण उडायला लागलं किंवा धुराचा झोत आला तर पिस्टन रिंग गेल्यात. थारमध्ये टर्बोच्या पाइपचे जोड पाहा. थोडा तेलकटपणा असतोच, पण तेल ठिबकत असेल तर टर्बोचा खर्च धरा. जिप्सीत टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं समजा आणि बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदमच नवे टाका, कारण उघडायची मजुरी तीच पडते.

मग गाडीखाली झोपा. लहान हातोडी जवळ ठेवा. चॅसीवर हलके टोले मारत पुढून मागे जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द. जिप्सीत मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ, बॉडी बसते त्या ब्रॅकेटांवर आणि मागच्या क्रॉस मेंबरमध्ये जास्त वेळ द्या. तिथे चिखल साठतो आणि आतून गंज लागतो. खालून ताजा काळा अंडरकोट मारलेला दिसला तर तो खरवडू द्या म्हणा. नकार आला तर निघा. चॅसीला वेल्डिंगची पट्टी दिसली तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. इंजिन, गिअरबॉक्स, सीट सगळं बदलता येतं. चॅसी बदलता येत नाही.

जिप्सीची पुढची तपासणी अशी. पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलाई गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर किंग पिनची (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीची) बेअरिंग. ५०-६० च्या वेगाला खड्डा लागल्यावर स्टेअरिंग थरथरतं ते बहुतेक याच बेअरिंगमुळे आणि टाय रॉडच्या टोकांमुळे. विकणारा 'अलाइनमेंट करून घ्या' म्हणेल, पण अलाइनमेंटने हे जात नाही. नकलच्या (पुढचं चाक वळतं त्या सांध्याच्या) गोल भांड्याभोवती तेल आणि ग्रीसचा रबडा दिसला तर आतलं सील गेलंय. जिप्सीचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा, तीन रबरांवर टांगलेला असतो. रबर फाटली की गाडी सुटताना दणका बसतो आणि मधल्या छोट्या प्रोपेलरचे क्रॉस खाल्ले जातात. लो-रेंजमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर सोडा-दाबा करून पाहा. लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर आतलं काम आहे.

थारमध्ये पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट चारही बाजूंनी पाहा. फाटलेल्या बुटातून चिखल आत गेला की जॉइंट संपला. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा, कट-कट आवाज आला तर तेच. बऱ्याच थारना 'लिफ्ट' म्हणून टॉर्शन बार पिळून पुढून उंच केलेलं असतं. गाडी रुबाबदार दिसते, पण वरचा आर्म रबर स्टॉपरला टेकतो, चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि शाफ्ट तिरके चालून बूट फाटतात. आर्म आणि स्टॉपर यांच्यात फट आहे का, ते बघा. टायर मूळ मापापेक्षा मोठे असतील तर मीटरवरचे किलोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदले गेलेत आणि क्लचने जास्त भार सोसलाय. टबचे (बॉडीच्या खालच्या पेटीचे) कोपरे, पायाखालचा पत्रा, सीटच्या पट्ट्या गंजल्यात का पाहा. छतातून आणि दरवाजांतून पाणी गळणं ही थारची जुनी खोड आहे.

फोर बाय फोर खरंच चालतं का? नुसती लिव्हर पडली म्हणून समाधान मानू नका. काहींचा पुढचा प्रोपेलर काढून घरी ठेवलेला असतो, काहींचे हब (पुढचं चाक शाफ्टला जोडणारी कळ) लॉकच होत नाहीत. सपाट जागी तीन चाकांना दगड लावा, पुढचं एकच चाक जॅकवर उचला. हब लॉक करा, गिअर न्यूट्रल, ट्रान्स्फर टू-व्हील. चाक हाताने फिरलं पाहिजे आणि पुढचा प्रोपेलरही फिरलेला दिसला पाहिजे. आता फोर-हाय (नेहमीच्या गिअरचं फोर बाय फोर) टाका. तेच चाक हाताने फिरता कामा नये. थोडं हलून अडकलं तर ठीक, पाव फेरा मोकळं फिरलं तर क्रॉस आणि डिफरन्शियल झिजलंय. मग दुसऱ्या बाजूने हेच करा. हा उद्योग दहा मिनिटांचा आहे. थारचे हब वेगवेगळ्या प्रकारचे सापडतात, मालकांनी बदललेलेही असतात, म्हणून आधी विचारून घ्या.

डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकून वळवू नका आणि विकणाऱ्यालाही तसं दाखवू देऊ नका. दोन्ही गाड्यांत मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर अडकते. अडकलीच तर जोर लावू नका, चार-पाच फूट सरळ रिव्हर्स घ्या, सुटते. चाचणी मोकळ्या मातीवर करा. थारचा लॉकर पाहायचा तर बांधाच्या उंचसखल जागी मागचं एक चाक सुटेल अशी गाडी घ्या आणि हळू अ‍ॅक्सिलरेटर द्या. चाक क्षणभर फिरून 'ठक' आवाज येईल आणि गाडी पुढे सरकेल. नुसतंच फिरत राहिलं तर लॉकर गेला किंवा अ‍ॅक्सल बदललेला आहे.

दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसचे वरचे प्लग उघडून बोट घाला. ऑइल चहासारखं दुधट असेल तर पाणी शिरलंय. हे बहुतेक ब्रीदर (अ‍ॅक्सलमधली हवा ये-जा करायचं छोटं तोंड) चोंदल्यामुळे होतं. गरम अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गाडी घेतल्यावर ब्रीदरला नळी जोडून बॉनेटपर्यंत वर नेणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

कागदांबद्दल थोडक्यात. आरसीची मुदत १५ वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, त्यासोबत पर्यावरण कर. इंधनाचा प्रकार आणि चॅसी नंबर आरसीशी ताडून पाहा. जिप्सीत डिझेल इंजिन बसवलेलं असेल आणि आरसीवर पेट्रोल असेल तर ती गाडी फुकटातही नको, अपघात झाला तर विमा हात वर करेल. दिल्लीत जुन्या गाड्यांवर वयाची बंधनं असल्याने तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. त्यात एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच १५ चा नंबर हा खर्च धरूनच भाव करा. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा फॉर्म) शिवाय पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही, आरटीओत नोंद होईपर्यंत पाठपुरावा करा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दोन्ही गाड्यांत मागचे बाक समोरासमोर, बाजूला तोंड करून असतात, एअरबॅग नाहीत, जिप्सीला एबीएस नाही आणि थारला ते २०१९ मध्ये शेवटी शेवटी आलं. लहान मुलं, म्हातारे आई-वडील घेऊन दर आठवड्याला कसाऱ्याच्या घाटातून मुंबई गाठणार असाल, तर यातली एकही घेऊ नका. त्याच पैशात जुनी स्कॉर्पिओ फोर बाय फोर शोधा. स्कॉर्पिओ नाशिकच्याच कारखान्यात बनते आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्री सातपूर-अंबडला भरपूर मिळतात.

किमतीच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम पहिल्या दोन महिन्यांसाठी बाजूला ठेवा. पाचही ठिकाणची ऑइलं (इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर, दोन अ‍ॅक्सल), सगळे क्रॉस, ब्रेक लायनिंग, होज पाइप, बॅटरी, आणि शक्यतो टायर. हे न करता पहिल्याच पावसात हरिहरच्या पायथ्याकडे किंवा भावलीकडे निघू नका.

आणि गाडी शक्यतो भर पावसात पाहायला जा. उन्हाळ्यात छत कुठे गळतं, वायरिंगला पाणी कुठे लागतं, ओल्या मातीत लॉकर खरंच धरतो का, यातलं काहीच दिसत नाही.